दोनशे चकत्या आणि एक बार

एकनाथ तोरसकरला गप्प बसता आलं असतं. त्या मंगळवारी सकाळी दुकानात सहा माणसं होती आणि त्यातली पाच गप्पच बसली होती. सहावा एकनाथ.

दुकान मस्कतमध्ये, वादी कबीरच्या कारखान्यांच्या भागात. पंप, पाइप, व्हॉल्व्ह यांच्या जोडांत बसवायच्या गॅस्केट तिथं मापाप्रमाणे कापून मिळत. रबर, कॉर्क, नमदा म्हणजे दाबलेली लोकर, जाड पुठ्ठा, काय म्हणाल ते. एकनाथ तिथला स्टोअरकीपर. बारा वर्षं एकाच खुर्चीवर बसलेला, कुडाळजवळच्या एका गावचा, स्वभावानं सरळ आणि प्रकृतीनं भित्रा. (तो स्वतः याला ‘सावध’ म्हणत असे. लिफ्टमध्ये चार माणसं असली की तो सावधपणे जिन्यानं जाई.)

मालक खल्फान, सगळे त्याला ‘अर्बाब’, म्हणजे शेठ, म्हणत. साठीचा, पांढरीशुभ्र दाढी, आवाज तोफेसारखा आणि हात आखडता. आलेल्या लिफाफ्याच्या मागच्या बाजूवर उत्तर लिहिणारा माणूस. त्याला नाद एकच, नेमबाजीचा. दर शुक्रवारी सकाळी शहराबाहेरच्या मैदानावर जायचं, हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या बंदुकीनं फोडायच्या. बंदूक परवान्याची, मैदान परवान्याचं, सगळं रीतसर. फक्त काडतुसं तो विकत घेत नसे. उडालेली रिकामी नळकांडी जमवून घरच्या यंत्रावर पुन्हा भरत असे.

तर त्या मंगळवारी अर्बाब हातात एक उभं कापलेलं काडतूस घेऊन आला आणि काउंटरवर ठेवून म्हणाला, “देखो. नीचे बारूद. ऊपर छर्रा. बीच में ये.” त्यानं मधली लोकरीची गुबगुबीत गट्टी नखानं उचकटून काढली. “इसको वॅड बोलता. बाहर से आता था, अब नहीं आता. आता तो बहुत महँगा. इतना छोटा चीज! हमारे दुकान में नमदा है, पंच है, सब है. कौन बनाएगा?”

पाच जण छताकडे बघू लागले.

एकनाथही बघणार होता. पण त्याच वेळी त्याची नजर अर्बाबच्या मागच्या भिंतीवर गेली. तिथं दुक्मच्या नव्या शाखेवर जायच्या लोकांची यादी लागायची होती. दुक्म म्हणजे मस्कतपासून सहा तासांवर. रिफायनरी, बंदर, वारा आणि पुरुष. कुटुंबाला जागा नाही. यादीत एक स्टोअरकीपर असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि दुकानात स्टोअरकीपर एकच होता. तो दुक्मला गेला की विशाखानं आणि पूर्वानं गाठोडं बांधून कुडाळला जायचं. पूर्वा बारा वर्षांची, जन्म मस्कतचा. आजीशी फोनवर मराठीत तीन वाक्यं बोलली की तिला दम लागे.

हे सगळं एका क्षणात एकनाथच्या डोक्यातून गेलं आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं.

“अर्बाब, मैं बनाएगा. मेरा फादर शिकारी था. घर पे सब बनाता था.”

“शिकारी?” अर्बाबचे डोळे चमकले. “क्या मारता था?”

“जंगली सूअर.”

अर्बाबच्या कपाळावर आठी पडली.

“सिर्फ मारता था,” एकनाथ घाईघाईनं म्हणाला. “खाता नहीं था.”

खरं सांगायचं तर एकनाथचे वडील गावचे पोस्टमास्तर. रानडुकराशी त्यांचा संबंध एकदाच आला. त्या दिवशी डुक्कर खाली होतं आणि वडील फणसावर होते. दुपारची टपाल गाडी येईपर्यंत ते तिथंच होते.

“शाबास!” अर्बाबनं त्याच्या पाठीवर थाप मारली. “दो सौ पीस. गुरुवार तक. यल्ला!”

एकनाथनं लगेच घरी फोन लावला. आवाजात थोडा रुबाब होता.

“विशाखा, ऐक. गुरुवारपर्यंत अर्बाबला दोनशे वॅड करून द्यायचेत.”

“दोनशे?”

“हो. मीच म्हटलं करतो.”

“मला न विचारता?”

“अगं, नोकरीचा प्रश्न आहे. दुक्म टळेल कदाचित.”

विशाखा म्हणाली, “बरं. मधे भोक पाहिजे का?”

“नाही नाही. भोक अजिबात नको. भरीव.”

“म्हणजे मेदूवडे नकोत. ठीक आहे.”

एकनाथ गडबडीत होता. त्यानं फोन ठेवलासुद्धा.

*

भीतीचा पहिला झटका त्याला अर्ध्या तासात आला, आणि तो दिला नुमाननं. नुमान दुकानाची गाडी चालवायचा. हर्णैचा. मनानं सोन्यासारखा, पण माणसाला घाबरवायची कला त्याला अल्लानं छप्पर फाडून दिली होती.

“एकनाथ, तू काडतुसाचा पार्ट घरी बनवणार?”

“पार्ट कसला? लोकरीची चकती आहे रे. नुसती चकती.”

“बॉम्बातलं घड्याळपण नुसतं घड्याळच असतं.”

एकनाथनं हातातला चहा खाली ठेवला. “अरे पण बंदूक अर्बाबची. परवाना अर्बाबचा.”

“बरोबर. परवाना अर्बाबचा आणि चकत्या तुझ्या. काही झालं तर अर्बाब म्हणणार, माझा परवाना बघा. तू काय दाखवणार? पोळपाट?”

“काही होणार नाही ना पण?”

“इन्शाल्ला,” नुमान म्हणाला. हा शब्द त्यानं असा काही उच्चारला की एकनाथला एकदम आपला फोटो दिसला, हार घातलेला.

त्या दुपारी चकत्या कापायच्या पंचांचा संच आणि नमुन्याची गट्टी पिशवीत घालून तो गाडीनं घरी निघाला. अल मवालेहच्या भाजी मार्केटपाशी गाड्यांची रांग लागली होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेर पोलीस उभा.

एकनाथनं दोन्ही हात वर केले.

पोलिसानं बोटानं काच खाली करायला सांगितलं. काच खाली करायची तर हात खाली घ्यावा लागणार. एकनाथनं एक हात वरच ठेवून दुसऱ्यानं बटण दाबलं.

“सर, ओन्ली वूल,” तो म्हणाला. “माय मदर-इन-लॉज वूल.”

“सदीक, दोस्त,” पोलीस शांतपणे म्हणाला, “तुझं मागचं दार उघडं आहे.”

दार लावून, सलाम करून एकनाथ पुढं निघाला. घरापर्यंतचे दोन किलोमीटर त्यानं इतक्या हळू गाडी चालवली की मागचा केळ्यांचा ट्रकसुद्धा त्याला ओलांडून गेला.

आता ‘सासूबाईंची लोकर’ हे त्याच्या तोंडून का निघालं, ते सांगायला हवं. दुकानातला चांगला जाड नमदा संपला होता. नवीन मागवायचा म्हणजे अर्बाबला खर्च, आणि खर्च म्हटला की अर्बाबचा चेहरा दुक्मकडे वळणार. तेव्हा लोकर घरातूनच काढायची असं एकनाथनं ठरवलं होतं. घरात लोकर एकच होती. विशाखाच्या आईनं, परदेशात थंडी असते अशा पक्क्या समजुतीनं, मस्कतला येताना बरोबर दिलेली काळी घोंगडी. पारा पंचेचाळिसावर जाणाऱ्या गावात तिचा उपयोग इतक्या वर्षांत एकदाच झाला होता, फ्रिज सरकवताना खाली घालायला.

विशाखा मार्केटात गेलेली बघून त्यानं बॅगेतून घोंगडी काढली. फक्त एक कड घ्यायची, असं त्याच्या मनात होतं. पंच ठेवला, हातोडी मारली, एक चकती पडली. छान गोल. मग दुसरी. मग शेजारची. हाताला लय सापडली. बारा वर्षं गॅस्केट कापणाऱ्या माणसाचा हात तो, एकदा सुटला की आवरेना. तो भानावर आला तेव्हा दारात चावी फिरत होती आणि पुढ्यात दोनशे चकत्यांचा ढीग होता.

विशाखा आत आली. तिच्या दोन्ही हातांत उडदाच्या डाळीच्या पिशव्या होत्या. त्या तिनं खाली ठेवल्या. मग जमिनीवरून घोंगडी उचलली आणि उजेडासमोर धरली. समोरच्या भिंतीवर दोनशे गोल कवडसे पडले.

एका भोकातून तिचा एक डोळा दिसत होता. एकनाथनं लग्नानंतरच्या सोळा वर्षांत असा डोळा पाहिला नव्हता.

“आईनं विचारलं तर काय सांगू?” डोळा म्हणाला.

“कसर लागली म्हण.”

“कसर गोल खाते?”

पोलिसापेक्षाही एकनाथची ही भीती मोठी होती, कारण पोलीस मागं राहिला होता.

“आणि हे काय आहे?” तिनं ढिगाकडे बोट दाखवलं.

“वॅड. सांगितलं ना फोनवर. अर्बाबच्या काडतुसांत घालायचे.”

विशाखा हळूहळू खुर्चीवर बसली. “म्हणजे वडे नाहीत?”

“वडे? वडे कशाला?”

“मी तीन किलो डाळ सकाळीच भिजत घातलीय हो! पुरणार नाही म्हणून आणखी आणली!”

एकनाथ खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. यादीचं, दुक्मचं, शिकारी वडिलांचं, नुमानचं, पोलिसाचं. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक झाला. “विशाखा, मला बंदुकीची भीती वाटते गं. दिवाळीत पूर्वाची टिकली फुटली तरी मी दचकतो. पण तुम्ही दोघी इथं नसाल, त्याची जास्त वाटते.”

विशाखानं ढिगातली एक चकती उचलली, दोन बोटांत चुरगळली आणि म्हणाली, “हे विसविशीत आहे. असं दिलंत तर अर्बाब तुम्हाला दुक्मच्याही पलीकडे पाठवेल. उठा. तांदळाची पेज करते, खळ लावून दाबून वाळवू.”

पुढचे दोन दिवस त्या घरात जे चाललं ते बाहेरच्या कोणी पाहिलं असतं तर त्याला काही उमजलं नसतं. गॅलरीत एका चादरीवर खळ लावलेल्या चकत्या वाळत होत्या आणि आत कढईत वडे तळले जात होते, कारण भिजलेली डाळ काही परत सुकवता येत नाही. पोळपाटाखाली चकत्या, कुकरखाली चकत्या, एकनाथच्या उशीखालीही चकत्या. शेजाऱ्यांना वडे, वॉचमनला वडे, शाळेच्या डब्यात वडे. बुधवारी पूर्वा शाळेतून आली, गॅलरीतल्या चादरीवरचं एक उचलून तिनं तोंडात घातलं आणि म्हणाली, “आई, हा वडा किती हार्ड आहे! आणि त्याला केस आहे!”

*

गुरुवारी दुपारी एकनाथनं डबा अर्बाबसमोर ठेवला. अर्बाबनं एक चकती काढली, दाबली, वास घेतला, उजेडात धरली. मग त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं की एकनाथला वाटलं, संपलं. सुटलो.

“एकनात! बहुत अच्छा! कल सुबह मैदान में आओ. फैमिली लाओ.” अर्बाबनं त्याचा हात हातात घेतला. “हमारे यहाँ जो बनाता, वो चलाता. तुम बंदूक मारेगा. शिकारी का बेटा!”

एकनाथचा हात अर्बाबच्या हातात होता म्हणून तो उभा राहिला.

शुक्रवारी सकाळी निघताना त्यानं विशाखाच्या हातात एक फाइल दिली. विम्याचे कागद, बँकेचं पासबुक, कुडाळच्या घराची पावती, आणि वर एक चिठ्ठी, ‘पाण्याची मोटर आधी भरून घ्यावी, मग चालू करावी.’

“अहो, तुम्ही लोकरीच्या चकत्या केल्यात,” विशाखा म्हणाली.

“नळी फुटते कधी कधी. मी वाचलंय.”

“कुठं?”

“नुमाननं वाचलंय.”

मैदान डोंगरांच्या पायथ्याशी होतं. जानेवारीची सकाळ, हवा गार आणि स्वच्छ, लांबवर एकही झाड नाही. लपायला काहीच नाही, हे एकनाथच्या सर्वांत आधी लक्षात आलं. नुमान आधीच येऊन तबकड्या उडवायच्या यंत्रापाशी बसला होता. त्यानं एकनाथकडे बघून हात हलवला. निरोप देतात तसा.

अर्बाबनं सगळ्यांना कानावर लावायची जाड झाकणं दिली. मग बंदुकीत काडतूस सारून तो ओरडला. तबकडी सुटली, बार झाला, तबकडीचे तुकडे झाले, आणि हवेतून काळ्या लोकरीचं एक फूल गिरक्या घेत खाली आलं. दुसरा बार, दुसरी तबकडी. तिसरी चुकली, पण ती वाऱ्यामुळे चुकली असं अर्बाबनं स्वतःच जाहीर केलं.

“आईची घोंगडी!” विशाखा हरखून म्हणाली. खाली पडलेली एक चकती उचलून तिनं पदराला पुसली.

पूर्वा फोनवर व्हिडिओ घेत होती. “बाबा, तुझा टर्न!”

एकनाथ पुढं गेला. अर्बाब एका बाजूला वळून, त्याच्याकडे पाठ करून बंदुकीत नवं काडतूस भरत होता. एकनाथनं एकदा मागं पाहिलं. पूर्वा त्याच्याकडे बघत होती. फोनच्या वरून दिसणारे तिचे डोळे इतके अभिमानानं भरले होते, की त्याला एकदम लाज वाटली. आयुष्यात पोरीनं आपल्याकडे असं पहिल्यांदा बघावं आणि ते एका थापेमुळे? मरायचंच असेल तर निदान खरं बोलून मरावं.

“अर्बाब,” तो म्हणाला, “मुझे कुछ बोलना है.”

अर्बाबनं त्याच्याकडे पाहून मान हलवली.

“मेरा फादर शिकारी नहीं था. पोस्टमास्टर था. सूअर ने उसको पेड़ पे चढ़ाया. मैंने झूठ बोला. मुझे दुक्म नहीं जाना, अर्बाब. बेटी छोटी है. मैंने जिंदगी में बंदूक को हाथ नहीं लगाया. आप मुझे निकाल दो, चलेगा. लेकिन ये बंदूक मैं नहीं...”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्बाबनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, प्रेमानं हसला, अंगठा वर केला आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

तेव्हा एकनाथच्या लक्षात आलं की अर्बाबच्या कानांवर ती जाड झाकणं होती.

पुढचं त्याला नीटसं आठवत नाही. बंदूक अपेक्षेपेक्षा जड होती. अर्बाबनं मागून हात घालून दस्ता त्याच्या उजव्या खांद्यात रुतवला, नळी वर आभाळाकडे धरायला लावली आणि स्वतः नळीखाली हात ठेवून उभा राहिला. नुमान लांबून काहीतरी ओरडला. तबकडी सुटली. एकनाथनं डोळे मिटले, कुलदेवतेचं नाव घेतलं, मग बँकेच्या मॅनेजरचं घेतलं (फाइलमध्ये त्याचा नंबर लिहायचा राहिला होता), आणि मग जग उलटं झालं.

डोळे उघडले तेव्हा वर निळं आभाळ होतं. तबकडी कुठंतरी लांब जाऊन अलगद टेकली होती, धडधाकट. अर्बाबच्या हातात बंदूक होती आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

“काय धक्का होता!” एकनाथ जमिनीवरूनच म्हणाला. “बाप रे! खांदा निखळला असता.”

विशाखा धावत आली. “लागलं का हो?”

“चालायचंच,” तो उठत, खांदा धरत म्हणाला. जिवंत असल्याच्या आनंदात त्याला थोडा चेव आला होता. “बंदूक म्हटली की हे आलंच. नवख्या माणसाचा हातच उखडला असता.”

शनिवारी दिवसभर तो पलंगावर होता. विशाखा दर दोन तासांनी गरम हळदीचा लेप खांद्याला लावत होती आणि मधल्या वेळात आईला फोन करत होती. अर्बाबला आणखी चकत्या हव्या होत्या. “आई, अजून दोन घोंगड्या पाठवशील?” पलीकडून सासूबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला, “मी सांगत होते की नाही, परदेशात थंडी असते!”

*

रविवारी दुकान उघडलं. एकनाथ खांदा सांभाळत आत शिरतो तोच अर्बाबनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

“एकनात, उस दिन तुम मैदान में बहुत लंबा बोला. मेरा कान बंद था. क्या बोला?”

दार मागं बंद झालं होतं. अर्बाबच्या टेबलावर एक कागद पालथा पडला होता. यादी.

सुटका सोपी होती. ‘हवा अच्छा था बोला’ एवढं म्हटलं की झालं. पण तेच सगळं एकदा मोठ्यानं बोलून झालं होतं, आणि एकदा तोंडाबाहेर पडलेलं खरं पुन्हा गिळायला फार कठीण जातं. एकनाथ उभ्याउभ्या सगळं पुन्हा बोलला. पोस्टमास्तर, फणस, डुक्कर, दुक्म, पूर्वा. या वेळी अर्बाबच्या कानांवर काही नव्हतं.

अर्बाबनं दाढीवरून हात फिरवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. एकनाथला वाटलं, रागानं. तो हसत होता.

“मैं पागल है?” अर्बाब म्हणाला. “तुम गाड़ी से उतरा, तुम्हारा हाथ ऐसे, ऐसे काँपता था. ऐसे आदमी को मैं भरा हुआ बंदूक देगा? उस कारतूस में बारूद नहीं था. छर्रा नहीं था. तुम्हारा चकती भी नहीं था. सिर्फ पीछे का टोपी. फट् आवाज करता, बस. बच्चा भी नहीं गिरता.”

एकनाथचा हात खांद्यावर होता. तो त्यानं हळूच खाली घेतला.

“अब दुक्म.” अर्बाबनं कागद उलटा केला. त्यावर तीन नावं होती. त्यात तोरसकर नव्हतं. “दुक्म में हवा बहुत. जो आदमी खाली बंदूक से गिरता, उसको हवा उठाके सलालाह ले जाएगा. तुम इधर बैठो. चकती बनाओ. झूठ मत बोलो. खलास.”

एकनाथ केबिनबाहेर आला तेव्हा नुमाननं काळजीनं विचारलं, “काय झालं? गेलास?” एकनाथ मागच्या गोदामात गेला, रबराच्या गुंडाळ्यांच्या आड बसला आणि कोणी बघत नाही असं पाहून पोटभर रडला.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यानं विशाखाला दुक्मचं सांगितलं. ती काही न बोलता देवापुढं जाऊन हात जोडून आली, डोळे पुसले आणि गॅसवर वाटीभर हळद गरम करायला ठेवली.

“पण नाव काढलं कसं?” तिनं विचारलं. “काय म्हणाला अर्बाब?”

आता इथं एकनाथनं सगळं खरं सांगायला हवं होतं. सकाळीच त्यानं तसा धडाही घेतला होता. पण बायको वाटी घेऊन समोर बसली होती, कौतुकानं बघत होती, आणि खांद्याला गरम हळद फार बरी वाटायची.

“म्हणाला, धाडस पाहिलं तुझं,” एकनाथ म्हणाला. “म्हणाला, एवढा मोठा बार आणि एवढा धक्का सोसणारा माणूस मला मस्कतलाच हवा. हळू गं. तिथंच दुखतंय.”

तेवढ्यात पूर्वा फोन घेऊन आत आली. शुक्रवारचा व्हिडिओ ती मैत्रिणींना पाठवणार होती, म्हणून एकदम हळू करून बघत होती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“बाबा,” ती म्हणाली, “तुला बंदूकनी पाडलं ना?”

“हो मग! धक्काच तसा होता.”

“पण बघ ना. स्लो मोशनमध्ये.” तिनं फोन दोघांच्या मधे धरला. “आधी तू पडली. पूर्ण खाली. आता बघ, इथं तुझं बोट ट्रिगरला लागलं. मग फट् झालं.”

विशाखानं व्हिडिओ एकदा पाहिला. मग मागं नेऊन परत पाहिला. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर ती उठली, हळदीची वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली आणि सगळी हळद रात्रीच्या बटाट्याच्या भाजीत घातली.